युरोपचा सामाईक अर्थसंकल्प: पैसा आधी कशावर खर्च करायचा, हे कसे ठरते?

२०२० च्या जुलैमध्ये, करोनाची पहिली लाट नुकतीच ओसरलेली असताना, युरोपीय महासंघाच्या २७ सदस्य देशांचे नेते ब्रसेल्समध्ये जमले. १७ तारखेला सुरू झालेली बैठक २१ तारखेच्या पहाटे संपली. सात वर्षांच्या सामाईक अर्थसंकल्पाची चौकट आणि साथीतून सावरण्यासाठी ७५० अब्ज युरोंचा विशेष निधी या दोन्ही गोष्टींवर त्या बैठकीत एकमत झाले, आणि इतकी मोठी रक्कम सर्वांनी मिळून कर्जाने उभारण्याची ही पहिलीच वेळ असल्याने बातम्यांचा सगळा झोत त्या निधीवर राहिला. त्याच मसुद्यात आणखी एक आकडा होता. साथीचा अनुभव ध्यानात घेऊन युरोपीय आयोगाने, म्हणजे महासंघाच्या कार्यकारी यंत्रणेने, सार्वजनिक आरोग्यासाठी ९.४ अब्ज युरोंचा नवा कार्यक्रम सुचवला होता. नेते बैठकीतून उठले तेव्हा त्यातले १.७ अब्ज उरले होते.

त्याच मसुद्यात ग्रामीण विकासाच्या नावाखाली काही देशांना जादा रकमा दिलेल्या दिसतात. फ्रान्सला १.६ अब्ज युरो, जर्मनीला ६५ कोटी, फिनलंडला ४० कोटी, माल्टाला ५ कोटी. म्हणजे एकट्या फ्रान्सच्या ग्रामीण विकासाला मिळालेली ही वाढीव रक्कम, २७ देशांच्या आरोग्य कार्यक्रमासाठी शिल्लक राहिलेल्या रकमेच्या जवळपास होती. साथ अजून संपलेली नसताना आरोग्याचाच निधी कापावा असे त्या सभागृहातल्या एकाही नेत्याला मनापासून वाटत असेल, असे मानायला जागा नाही. तरीही तसे घडले, कारण ग्रामीण विकासाच्या प्रत्येक रकमेवर एकेका देशाचे नाव होते आणि आरोग्याच्या रकमेवर कोणाचेच नव्हते. सामाईक तिजोरीतले प्राधान्यक्रम गरजांच्या यादीपेक्षा ते ठरवण्याच्या पद्धतीतून अधिक घडतात, असे माझे मत आहे, आणि म्हणून ही पद्धत नीट समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते.

आधी या तिजोरीचा आकार पाहू. महासंघाचा वर्षाचा अर्थसंकल्प अलीकडे १९० ते २०० अब्ज युरोंच्या घरात असतो; २०२५ सालासाठी १९९.४ अब्ज युरोंची दायित्वे, म्हणजे खर्चाची बांधिलकी, मंजूर झाली. ही रक्कम सदस्य देशांच्या एकत्रित राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का भरते. त्याउलट सदस्य देशांची सरकारे आपापल्या देशात जो खर्च करतात तो त्यांच्या सकल उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास असतो. निवृत्तिवेतन, शाळा, रुग्णालये, पोलीस, हे सगळे राष्ट्रीय सरकारांकडेच आहे. त्यामुळे एखाद्या देशाच्या अर्थसंकल्पाशी याची तुलना केली की गल्लत होते. इथे तूट ठेवण्याचीही मुभा नाही. महासंघाच्या कारभाराचा पाया असलेल्या कराराच्या कलम ३१० नुसार जमा आणि खर्च समान असलेच पाहिजेत. ब्रसेल्सचे अधिकारीच हा पैसा खाऊन टाकतात, हा युरोपातला एक लोकप्रिय समज आहे, पण पगार, इमारती, भाषांतर असा सगळा प्रशासकीय खर्च शंभरातल्या सात युरोंपर्यंतच जातो. (पुणे मेट्रोला कर्ज देणारी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक ही महासंघाचीच, पण वेगळी संस्था आहे. ती बाजारातून पैसा उभारून कर्जे देते. त्या कर्जांचा या हिशेबाशी संबंध नाही.)

पैसा इतका मर्यादित आणि कर्ज काढायला साधारणपणे मनाई, अशा स्थितीत एका कामाला वाढवून द्यायचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागते. ही ओढाताण दरवर्षी नव्याने केली की काय होते, याचा अनुभव महासंघाच्या पूर्वसूरींनी १९८० च्या दशकात घेतला. युरोपीय संसदेने १९७९ आणि १९८४ या दोन्ही वर्षांच्या डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प चक्क फेटाळला. वर्ष उजाडले तरी अर्थसंकल्प मंजूर नसेल तर दर महिन्याला मागच्या वर्षाच्या एक द्वादशांश रकमेवर काम चालवावे लागते, आणि अशा अवस्थेत नवे काही हाती घेता येत नाही. या कटकटीतून सुटण्यासाठी जॅक देलोर आयोगाचे अध्यक्ष असताना १९८८ मध्ये अनेक वर्षांची चौकट आखण्याची प्रथा सुरू झाली. पहिली चौकट पाच वर्षांची होती. १९९३ पासून प्रत्येक चौकट सात वर्षांची आहे. सध्याची २०२१ ते २०२७ या काळासाठी आहे आणि २०१८ च्या किमतींनुसार तिचा आकार १,०७४.३ अब्ज युरो इतका ठरला.

या चौकटीत सात शीर्षे, म्हणजे खर्चाचे विभाग, आहेत आणि प्रत्येक शीर्षाला वरची मर्यादा घातलेली आहे. प्रादेशिक समतोल आणि त्याच्याशी निगडित कामांना ३७७.८ अब्ज, शेती आणि पर्यावरणाला ३५६.४ अब्ज, संशोधन, डिजिटल आणि एकल बाजारपेठेला १३२.८ अब्ज, शेजारी देश आणि उर्वरित जगाला ९८.४ अब्ज. स्थलांतर आणि सीमा व्यवस्थापनाच्या वाट्याला २२.७ अब्ज आले, सुरक्षा आणि संरक्षणाला १३.२ अब्ज, आणि उरलेले प्रशासनाला. पहिली दोन शीर्षे मिळून दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम घेतात. एकदा या मर्यादा ठरल्या की दरवर्षीचा अर्थसंकल्प त्यांच्या आतच बसवावा लागतो, आणि म्हणूनच खरा प्राधान्यक्रम सात वर्षांतून एकदाच ठरतो असे म्हणायला हरकत नाही. दर शरद ऋतूत वार्षिक अर्थसंकल्पावर संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद यांच्यात जी रस्सीखेच होते, आणि मतभेद झाल्यास समेट समितीला जे २१ दिवस मिळतात, ते सारे या मोठ्या निर्णयाच्या कडेकडेने चालते.

आता या मोठ्या निर्णयात कोणाच्या हाती काय असते ते पाहू, कारण अधिकारांची वाटणी इथे फार असमान आहे. प्रस्ताव मांडण्याचा हक्क आयोगाचा. त्यावर मंत्रिपरिषदेत सर्व २७ देशांचे एकमत लागते. प्रत्यक्षात हा वाद मंत्र्यांच्या पातळीवर सुटत नाही आणि शेवटी पंतप्रधान व राष्ट्राध्यक्षांच्या युरोपीय परिषदेपुढे येतो. संसदेची संमती लागते, पण चौकटीतले आकडे दुरुस्त करण्याचा अधिकार तिला नाही. संपूर्ण चौकटीला ती फक्त होकार किंवा नकार देऊ शकते. २०२० मध्ये संसदेने होकार अडवून धरण्याच्या बळावर वाटाघाटी केल्या आणि नोव्हेंबरमध्ये काही निवडक कार्यक्रमांसाठी सुमारे १६ अब्ज युरोंची भर मिळवली. आरोग्य कार्यक्रम १.७ वरून ५.१ अब्जांवर गेला तो त्यामुळे. निवडून आलेल्या सभागृहाला एवढेच साधता आले, हे मला या रचनेतले मोठे उणेपण वाटते.

एकमताच्या नियमाचा परिणाम समजायला दोन प्रकारचे मतदार डोळ्यांपुढे आणावेत. एखाद्या देशाच्या पंतप्रधानाने परत जाऊन सांगितले, की आपल्या शेतकऱ्यांसाठी इतके कोटी राखून आणले, तर ते वाक्य त्याच संध्याकाळी बातम्यांत येते. त्याने सांगितले, की साथीची पूर्वसूचना देणारी युरोपभरची यंत्रणा आता मजबूत होईल, तर त्याचे श्रेय कोणा एकाचे नाही आणि त्यात आपल्या देशाचा वाटा किती हेही आधी सांगता येत नाही. पहिल्या प्रकारच्या खर्चाची देशनिहाय वाटणी आधीच ठरलेली असते आणि तिच्या प्रत्येक युरोला एक राखणदार असतो. दुसऱ्या प्रकारात पैसा स्पर्धेतून, गुणवत्तेवर किंवा गरज उद्भवेल तसा जातो. शेवटच्या रात्री एकूण रकमेतून काही अब्ज कापायचे झाले, की कात्री दुसऱ्या प्रकारावर चालते. संशोधन, सामाईक आरोग्य, आपत्ती निवारण, सीमेपलीकडे जाणारे रेल्वेमार्ग ही या प्रकारातली कामे आहेत. एकट्या देशाला जी नीट करता येत नाहीत आणि ज्यांच्यासाठी सामाईक तिजोरी मुळात हवी, नेमकी तीच.

पैसा येतो कोठून, याचाही प्राधान्यक्रमावर परिणाम होतो. महासंघ स्वतः लोकांवर आयकर लावत नाही. बाहेरून येणाऱ्या मालावरचे सीमाशुल्क सामाईक तिजोरीत जाते, पण वसुलीचा खर्च म्हणून त्यातला २५ टक्के हिस्सा देश स्वतःकडे ठेवतात, आणि रॉटरडॅमसारखे बंदर असलेल्या नेदरलँड्सला ही तरतूद फार मोलाची आहे. मूल्यवर्धित करावर आधारलेला एक छोटा हिस्सा आहे. २०२१ पासून पुनर्वापर न झालेल्या प्लास्टिकच्या वेष्टनांवर किलोमागे ८० सेंट हिशेबाने देशांना पैसे भरावे लागतात. उरलेला आणि सर्वात मोठा भाग प्रत्येक देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात थेट आपल्या तिजोरीतून देतो. म्हणजे युरोपच्या तिजोरीत जाणारा पैसा राष्ट्रीय संसदांच्या डोळ्यांदेखत, एका ओळीत मांडलेल्या आकड्याच्या रूपाने बाहेर पडतो. मग किती दिले आणि किती परत आले, ही वजाबाकी प्रत्येक राजधानीत होते, आणि चर्चा तिच्यापाशीच अडकते. तळमजल्यावरच्या सभासदाने सोसायटीच्या लिफ्टचा खर्च नाकारावा तसा हा प्रकार आहे.

ही वजाबाकी अगदी निराधार मात्र नाही. १९८४ च्या जूनमध्ये फाँतेनब्लो येथील बैठकीत मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनसाठी जी कायमची सवलत मिळवली, तिच्यामागे खरा अन्याय होता. त्या वेळी खर्चाचा मोठा भाग शेतीवर होत असे, ब्रिटनचे शेतीक्षेत्र लहान होते, आणि तुलनेने कमी संपन्न असूनही तो देश जास्त भरत होता. निव्वळ देण्याच्या सुमारे दोन तृतीयांश रक्कम परत देण्याचे ठरले. अडचण पुढे झाली. एका देशाला मिळाली म्हणून इतरांनी मागितली, आणि ब्रिटन बाहेर पडल्यावरही जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क यांच्या सवलती राहिल्या. २०२० च्या त्या बैठकीत नेदरलँड्सची सवलत वर्षाला १.९२ अब्ज युरो ठरली. शिवाय ही वजाबाकी खरा लाभ मोजत नाही. पोलंडमधला महामार्ग महासंघाच्या पैशातून होतो तेव्हा ती रक्कम पोलंडच्या खात्यावर लागते, पण त्या कामाची यंत्रसामग्री जर्मन कारखान्यातून आली किंवा तो रस्ता झाल्यावर डच व्यापाऱ्याचा माल वेळेवर पोहोचू लागला, तर त्याची नोंद कोठेच होत नाही.

शेतीकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण एकदा बसलेला प्राधान्यक्रम हलवणे किती कठीण असते हे तिथे सर्वात स्पष्ट दिसते. सामाईक कृषी धोरण १९६२ मध्ये सुरू झाले. युद्धानंतरची टंचाई लोकांच्या आठवणीत ताजी होती आणि शेतकऱ्याला हमीभाव देऊन उत्पादन वाढवणे हा त्या काळाला योग्य असा निर्णय होता. उत्पादन वाढले, इतके वाढले की लोणी, दुधाची भुकटी आणि धान्य सरकारी खर्चाने विकत घेऊन गोदामांत साठवावे लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सामाईक अर्थसंकल्पाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शेतीवर जात होता. मग १९८४ मध्ये दुधावर कोटा आला, १९९२ पासून हमीभाव कमी करून शेतकऱ्याला थेट रक्कम देण्यास सुरुवात झाली, आणि २००३ च्या सुधारणेने ही रक्कम उत्पादनापासून तोडून मुख्यतः जमिनीच्या क्षेत्राला जोडली.

गोदामे रिकामी झाली, पण नवा प्रश्न उभा राहिला. हेक्टरवर रक्कम मिळत असेल तर ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला पैसा अधिक, आणि आजही थेट रकमेचा सुमारे ८० टक्के भाग २० टक्के लाभार्थींकडे जातो. शिवाय जमिनीला अनुदान चिकटले की खंडाचा दरही चढतो, आणि तरुण शेतकऱ्याने जमीन खंडाने घेतली असेल तर अनुदानाचा काही भाग जमीनमालकाच्या खिशात जातो. ही उणीव महासंघातल्या अर्थतज्ज्ञांना दोन दशकांहून अधिक काळ माहीत आहे. तरीही २०२१ ते २०२७ या काळात चालू किमतींनुसार, म्हणजे महागाई धरून, ३८७ अब्ज युरो शेतीला दिले गेले. एकूण खर्चातला शेतीचा वाटा आता तिशीच्या आसपास उतरला आहे, पण तो उतरला तो मुख्यतः इतर शीर्षे वाढल्यामुळे. शेतीची रक्कम कोणी एकदम कापली, असे झाले नाही. पर्यावरणपूरक पद्धतींसाठी थेट रकमेचा चौथा हिस्सा राखून ठेवण्याचा नियम २०२३ पासून आला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ट्रॅक्टर घेऊन शेतकरी अनेक राजधान्यांच्या रस्त्यांवर उतरले तेव्हा काही जमीन पडीक ठेवण्याची अट मागे घेण्यात आली. त्या शेतकऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. खते आणि ऊर्जा महागली होती आणि लहान शेतकऱ्याची मिळकत इतर क्षेत्रांतल्या वेतनाच्या मानाने कमीच असते. मात्र त्याला खरी मदत पोहोचवायची तर वाटपाचे सूत्र बदलावे लागेल, आणि सूत्र बदलले की सध्या भरपूर मिळवणारे देश आणि जमीनदार हरतात. तिथे एकमताचा नियम आडवा येतो.

प्रादेशिक समतोलाचे सूत्र त्या मानाने अधिक न्याय्य आहे. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न महासंघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तो मागास, ७५ ते १०० टक्क्यांमधला संक्रमणातला, त्यावरचा विकसित. मागास प्रदेशातल्या प्रकल्पाचा ८५ टक्क्यांपर्यंत खर्च महासंघ उचलतो, विकसित प्रदेशात तो सुमारे ४० टक्क्यांवर येतो, आणि उरलेला स्वहिस्सा देशाने घालायचा असतो. स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंड आणि ग्रीस यांनी आधी याचा लाभ घेतला. २००४ मध्ये पूर्वेकडचे देश आत आल्यावर ओघ तिकडे वळला आणि पोलंड सर्वात मोठा लाभार्थी झाला. सरासरीवर आधारलेल्या सूत्राची एक गंमतीशीर नव्हे, तर क्लेशकारक बाजूही तेव्हा दिसली. गरीब देश आत आल्याने महासंघाची सरासरीच खाली आली आणि जुन्या देशांतले काही प्रदेश तिळमात्र न सुधारता कागदावर मागासांच्या यादीतून बाहेर पडले.

इथे दायित्व आणि अदायगी यांतला फरकही ध्यानात घ्यावा लागतो. पूल मंजूर होतो तेव्हा त्या वर्षाच्या हिशेबात दायित्व लागते, आणि पैसे मात्र काम होईल तसे पुढच्या अनेक वर्षांत दिले जातात. प्रकल्प रखडले, स्थानिक प्रशासनाकडे माणसे कमी पडली, स्वहिस्सा उभा राहिला नाही, की मंजूर पण न दिलेल्या रकमांचा डोंगर वाढत जातो. २०२३ च्या अखेरीस, साथीनंतरच्या विशेष निधीसह, अशा रकमा ५०० अब्ज युरोंहून अधिक होत्या. त्यामुळे कागदावर एखाद्या कामाला दिलेले प्राधान्य आणि प्रत्यक्षात जमिनीवर उतरलेला पैसा यांत अंतर राहते, आणि नुसते मंजुरीचे आकडे वाचून युरोपने काय केले याचा निष्कर्ष काढू नये.

मग सामाईक पैशावर पहिला हक्क कशाचा असावा? मला पटणारी कसोटी अशी आहे की जे काम एक देश एकटा करू शकत नाही, किंवा केले तरी त्याचा लाभ मुख्यतः शेजाऱ्यांना होत असल्याने करणार नाही, त्याला आधी पैसा मिळावा. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया या तीन देशांतून पोलंडपर्यंत जाणारा सुमारे ८७० किलोमीटरचा रेल बाल्टिका हा मार्ग त्याचे चांगले उदाहरण आहे. या तीन देशांतले रूळ रशियन मापाचे, म्हणजे १,५२० मिलिमीटरचे आहेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणचे १,४३५ मिलिमीटरचे. मालगाडी असो वा सैन्याची सामग्री, सीमेवर डबे बदलावे लागतात. आपल्या हद्दीपर्यंतचा तुकडा एकट्याने बांधून कोणाही देशाला उपयोग नाही. तिघांनी आणि पोलंडने मिळून बांधला तरच त्याला अर्थ आहे. म्हणून महासंघ त्याचा ८५ टक्क्यांपर्यंत खर्च उचलतो. पण योग्य काम निवडले म्हणजे ते नीट पार पडते असेही नाही. या मार्गाचा खर्च २०१७ मध्ये ५.८ अब्ज युरो धरला होता, तो २०२४ पर्यंत सुमारे २४ अब्जांवर गेला. महासंघाचा खर्च तपासणाऱ्या लक्झेंबर्गमधील युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०२० मध्ये अशा आठ महाप्रकल्पांची पाहणी केली, तेव्हा त्यांना सरासरी ११ वर्षांचा विलंब झाल्याचे आढळले. सामाईक कामाचा राखणदार नसतो, हा दोष निधी मंजूर करतानाच नव्हे तर काम चालू असतानाही भोवतो.

सात वर्षांची चौकट ही सोय आहे तशी अडचणही आहे. २०२१ ते २०२७ चे आकडे ठरले तेव्हा युक्रेनवरचे मोठे आक्रमण कोणाच्या हिशेबात नव्हते. नंतर महागाई आणि व्याजदर दोन्ही चढले, आणि विशेष निधीसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज अंदाजाबाहेर गेले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये हंगेरीच्या विरोधामुळे अडलेली फेररचना अखेर १ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजूर झाली. युक्रेनसाठी ५० अब्ज युरो ठरले, त्यांतले ३३ अब्ज कर्ज आणि १७ अब्ज अनुदान. सदस्य देश नवा पैसा फारसा घालायला तयार नव्हते, म्हणून काही रक्कम चालू कार्यक्रमांतून काढावी लागली. त्यात संशोधन कार्यक्रमातले २.१ अब्ज गेले, आणि संसदेने झगडून वाढवून घेतलेल्या आरोग्य कार्यक्रमातला एक अब्जही गेला. युक्रेनला मदत करणे आवश्यकच होते. तिची किंमत कोणी मोजायची, हे मात्र पुन्हा राखणदार कोणाला नाही यावरूनच ठरले.

एकमताच्या नियमाचा आणखी एक परिणाम असा की अर्थसंकल्पाशी संबंध नसलेले वादही त्यात शिरतात. कायद्याचे राज्य धोक्यात आलेल्या देशाचा निधी रोखता यावा, असा नियम होऊ घातल्यावर हंगेरी आणि पोलंड यांनी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपूर्ण चौकटच अडवली. तडजोड होऊन नियम मंजूर झाला आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याच नियमाखाली हंगेरीचे ६.३ अब्ज युरो गोठवण्यात आले. माझ्या दृष्टीने ही महासंघाची ठोस कमाई आहे, कारण सामाईक पैसा कशावर खर्च व्हावा याइतकाच तो कोणाच्या हातून खर्च व्हावा हाही प्राधान्याचाच प्रश्न आहे.

आता २०२८ ते २०३४ च्या चौकटीकडे येऊ. आयोगाने १६ जुलै २०२५ रोजी जो प्रस्ताव मांडला त्याचा आकार चालू किमतींनुसार जवळपास २,००० अब्ज युरो, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी १.२६ टक्के आहे. आकडा मोठा दिसतो, पण सात वर्षांची महागाई त्यात धरलेली आहे आणि १.२६ मधला ०.११ टक्का साथीच्या काळातल्या कर्जाच्या परतफेडीतच जाणार आहे. ही परतफेड वर्षाला सुमारे २४ अब्ज युरोंची असेल आणि कर्ज २०५८ पर्यंत फिटायचे आहे.

या प्रस्तावातला सर्वात मोठा बदल रचनेचा आहे. शेती आणि प्रादेशिक समतोल यांचे वेगवेगळे निधी एकत्र करून प्रत्येक देशाची एकच राष्ट्रीय व प्रादेशिक योजना करायची आणि ठरवलेली उद्दिष्टे गाठली की पैसे सोडायचे, असा हा आराखडा आहे. त्यासाठी ८६५ अब्ज युरो ठेवले आहेत आणि त्यातले सुमारे ३०० अब्ज शेतकऱ्यांच्या उत्पन्नासाठी राखीव आहेत. दुसरीकडे उद्योगांच्या स्पर्धाक्षमतेसाठी संशोधनासह ४०९ अब्ज सुचवले असून त्यात संशोधन कार्यक्रमाचे १७५ अब्ज येतात. राखणदार नसलेल्या कामांना एवढा मोठा वाटा प्रस्तावाच्या टप्प्यावर तरी मिळाला, याचे मला स्वागत करावेसे वाटते. एकत्रित राष्ट्रीय योजनेबद्दल मात्र मी साशंक आहे. शेती, रस्ते, कौशल्य प्रशिक्षण यांतला अग्रक्रम आता राजधानीतले अर्थमंत्रालय ठरवू लागेल, आणि जिल्हे, प्रांत, महापालिका यांचा ब्रसेल्सशी असलेला थेट दुवा कमकुवत होईल. संसदेने प्रस्ताव येण्याआधीच, २०२५ च्या मे महिन्यात, या कल्पनेला विरोध करणारा ठराव केला होता, आणि प्रस्ताव मांडला गेला त्याच दिवशी शेतकरी ब्रसेल्समध्ये निदर्शने करत होते.

वजाबाकीच्या वादातून सुटण्यासाठी उत्पन्नाचे नवे स्रोतही सुचवले आहेत: कारखान्यांना कार्बन उत्सर्जनासाठी घ्याव्या लागणाऱ्या परवान्यांच्या विक्रीतला हिस्सा, गोळा न झालेल्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावरची आकारणी, तंबाखूवरील कराचा भाग, १० कोटी युरोंपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांचे वार्षिक योगदान, आणि आयात मालातल्या कार्बनवरची सीमेवरची आकारणी. यातली शेवटची बाब भारताशी थेट संबंधित आहे. भारतातून युरोपला जाणाऱ्या पोलाद आणि ॲल्युमिनियमवर ही आकारणी होते, आणि तिचा मोठा भाग सामाईक तिजोरीत वळवावा असा हा प्रस्ताव आहे. असा प्रत्येक नवा स्रोत मंजूर व्हायला सर्व देशांचे एकमत आणि प्रत्येक देशातली स्वतंत्र मान्यताही लागते, त्यामुळे यादीतले किती स्रोत टिकतील हे राजधान्यांमध्येच ठरेल. स्रोत गळाले, तर कर्जफेडीचा बोजा पुन्हा देशांच्या थेट वर्गणीवर किंवा कार्यक्रमांवर येईल.

नवी चौकट १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हायची आहे. तोवर एकमत झाले नाही तर करारातल्या कलम ३१२ नुसार २०२७ च्या मर्यादा पुढे चालू राहतात. तिजोरी बंद पडत नाही. पण बहुतेक कार्यक्रमांचे कायदे २०२७ पर्यंतच्या मुदतीचे आहेत, आणि मर्यादा आपोआप वाढली तरी हे कायदे आपोआप वाढत नाहीत. नवे कायदे वेळेत झाले नाहीत तर पैशाला जागा असूनही संशोधनाच्या नव्या स्पर्धा जाहीर होणे आणि नव्या प्रादेशिक योजनांवर सह्या होणे लांबते. मागच्या खेपेला चौकट डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे ती सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी पक्की झाली, आणि प्रादेशिक योजनांचे काम त्यानंतर रुळावर यायला वर्षाहून अधिक काळ गेला.